भूल चढेपर्यंत एक ओळ

दातांचे मोठे डॉक्टर दवाखान्यात बसून विणकाम करतात ही बातमी बाहेर फुटली, तेव्हा गल्लीत दोन तट पडले. एक म्हणे, म्हातारपणी डोकं फिरलं. दुसरा म्हणे, असू दे, विणताना निदान बोलणं तरी बंद राहील. दोघांचेही अंदाज चुकले. डोकं जागच्या जागी होतं, आणि बोलणं होतं त्याच्या दुप्पट झालं होतं.

सुरुवात झाली जेवणाच्या टेबलावर. मोठ्या डॉक्टरांची लेकही दातांचीच डॉक्टर. बापाच्याच दवाखान्यात दुसऱ्या खुर्चीवर काम करायची, म्हणून लोक तिला धाकट्या डॉक्टर म्हणत. तिने भाजी वाढून घेता घेता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "बाबा, यापुढे अक्कलदाढा मी काढत जाईन."

"का? माझ्या अकलेला काय झालं?"

"अकलेचं नाही, हाताचं बोलतेय. काल पेशंटला चूळ भरायला तुम्ही पाणी ओतलंत, ते ग्लासात कमी आणि सिस्टरच्या चपलेत जास्त गेलं. हात थरथरतो तुमचा."

डॉक्टरांचा घास तसाच राहिला. त्यांच्या डोळ्यांबद्दल, गुडघ्यांबद्दल, चालण्याबद्दल कोणी काही म्हटलं तर ते हसून सोडून देत. पण हात! या हाताखालून अर्धं गाव गेलं होतं. दाढ निघाली कधी ते पेशंटला दाराबाहेर गेल्यावर कळायचं. त्यांनी उजवा हात टेबलावर आडवा धरला. हात कठड्यासारखा स्थिर. लेकीने मान हलवली, म्हणजे तिला काही ते पटलं नाही.

नेमक्या त्याच वेळी आत स्वयंपाकघरात काहीतरी दणकन आपटलं आणि डॉक्टरांची बायको फुंकर घालत बाहेर आली. भांडं उतरवायच्या फडक्याला भोक पडलं होतं आणि बोट बरोबर त्या भोकावर आलं होतं.

"एवढी हाताची कौतुकं चाललीयत," ती म्हणाली, "तर मला भांडं उतरवायला एक धड फडकं तरी शिवून द्या त्या हाताने."

दुसरा कोणी असता तर बाजारात गेला असता. डॉक्टरांना मात्र यात संधी दिसली.

"शिवून कशाला? विणून देतो. क्रोशाच्या सुईने. रंगीबेरंगी. आमच्या दवाखान्यातल्या बाकावर बायका विणत बसतात ते रोज बघतो मी. टोकाला आकडा असलेली एक सुई, बस्स. माझं आख्खं आयुष्य आकडे धरण्यात गेलंय." मग ते लेकीकडे वळले. "सोमवारी पोस्टमास्तरांची अक्कलदाढ आहे ना? रविवारी जेवताना फडकं इथे टेबलावर असेल. सगळे टाके एकसारखे. एक टाका जरी हललेला सापडला, तर ती दाढ तुझी आणि पुढच्या सगळ्याही तुझ्याच. नाही सापडला, तर हा विषय पुन्हा या घरात निघता कामा नये."

"आणि मदत कोणाची घ्यायची नाही," लेक म्हणाली.

"मदत? मला?" डॉक्टर एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयाच्या माडीवर गेले. तिथे छंदवर्ग चालत. टेबलामागच्या कारकुनाने वर न बघता विचारलं, "कोणता वर्ग?"

"क्रोशे. सुरुवातीचा."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

कारकुनाने आता वर बघितलं. "सुरुवातीचा वर्ग महिलांचा आहे."

"मग पुरुषांचा?"

"पुरुषांसाठी प्रगत वर्ग आहे. पण सुरुवातीचा वर्ग झालेला असल्याशिवाय त्यात घेत नाहीत."

"म्हणजे पुरुषांनी शिकायचंच नाही?"

"असं कसं? शिकायचं ना. शिकून यायचं."

डॉक्टर टेबलाशीच उभे राहिले. सरकारी उत्तरात फट शोधायची म्हणजे दाताच्या मुळात फट शोधण्यासारखंच, घाई करून चालत नाही. कारकुनाने विचारलं, "व्यवसाय?" डॉक्टरांनी सांगितला. त्यासरशी कारकुनाने पेन खाली ठेवलं, आ वासला आणि बोट आत घालून डावीकडची दाढ दाखवली. ज्या ज्या कचेरीत डॉक्टर आजवर गेले, तिथे हे झालंच होतं. खिशात छोटी बॅटरी असायचीच. त्यांनी दाढ बघितली, हुं म्हणाले, आणि "उद्या दवाखान्यात या, आज मला आत सोडा" असा तह झाला. पाहुणा म्हणून. पाहुण्यांसाठी रकाना नव्हता, त्यामुळे बंदीही नव्हती.

वर्गाच्या बाई आवाजाने खणखणीत होत्या. त्यांनी सुई हातात दिली आणि साखळी घालायला सांगितली. डॉक्टरांची साखळी तयार झाली, पण इतकी घट्ट की पुढच्या टाक्याला सुई आत शिरेना.

"सैल, डॉक्टर, सैल! दोरा पळून जात नाही."

"सैल टाका राहिला तर रक्त थांबत नाही, बाई."

"इथे रक्त कुठाय?"

"सवय असलेली बरी."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग साध्यात साधा टाका दाखवला, त्याला मुका खांब म्हणतात. डॉक्टरांना नाव फार आवडलं. मुका, स्थिर, एका जागी उभा. पेशंट असा असावा. गोल फडकं करायचं तर मधून सुरू करून बाहेर बाहेर जायचं आणि दर फेरीत थोडे टाके वाढवायचे, एवढं ऐकून ते उठले. बाई मागून ओरडल्या, "किती वाढवायचे ते तरी ऐका!" पण डॉक्टर जिना उतरत होते. किती म्हणजे लागतील तितके, त्यात ऐकायचं काय?

वाटेत त्यांनी दुकानातून लोकर घेतली, चकचकीत, पाच रंगांची. संध्याकाळी खुर्चीत बसून सुरुवात केली. पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी फडकं दिव्यासमोर धरलं आणि त्यांना दोन टाक्यांमध्ये एक बारीक भोक दिसलं.

आता भोक दिसल्यावर दातांचा डॉक्टर काय करणार? बुजवणार. त्यांनी तिथे एक टाका भरला. त्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोन नवी भोकं तयार झाली. तीही बुजवली. विणकाम म्हणजे मुळात भोकांना दोऱ्याचं कुंपण घालायचं काम, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ते हयगय म्हणून निकालात काढलं असतं. भरता भरता फडक्याला लाटा आल्या. ते सपाट राहीना. एकीकडे दाबलं की दुसरीकडे उसळायचं.

"हे काय? कोबी?" बायकोने विचारलं.

"अशाने पकड चांगली येते," डॉक्टर म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या टेलरकाकू काहीतरी मागायला आल्या होत्या. त्यांनी कोबी हातात घेऊन सगळीकडून बघितला. "डॉक्टर, याला झालर म्हणतात. नातीच्या टोपड्याला लावायला मला द्या, छान दिसेल."

शेजारचे वकीलकाका त्यांच्या मागोमागच आत आले होते. त्यांनी सल्ला दिला की काही झालं तरी उसवू नका. "उसवलंत म्हणजे चूक कबूल केलीत. तसंच पुढे रेटा."

डॉक्टरांना वकिलाचा सल्ला पटला. पण बायकोने सगळ्यांच्या देखत तो कोबी उचलला आणि चुलीवरच्या झाकणाला लावून बघितला. चुर्र आवाज आला. कोबी झाकणाला चिकटला आणि ओढल्यावर त्याच्या लांबच लांब तारा निघाल्या. खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. वकीलकाका म्हणाले, "आता उसवायचा प्रश्नच मिटला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दुकानदाराला जाब विचारायला गेले. "ही लोकर वितळते!"

"तुम्ही स्वेटरची लोकर मागितलीत, दिली. भांड्याला घालायचा स्वेटर आहे हे कुठे बोललात?" दुकानदार म्हणाला आणि त्याने जाड सुती दोऱ्याच्या गुंड्या पुढे ठेवल्या. लाल, पांढरा, पिवळा, निळा, हिरवा.

एवढ्याने डॉक्टर खचले असं कोणाला वाटत असेल, तर त्याने त्यांना दाढ काढताना बघितलेलं नाही. पहिल्या झटक्याला न हललेल्या दाढेकडे ते फार प्रेमाने बघत. त्यांनी बेत बदलला. गोल नको, चौकोन. आडव्या पट्ट्या, एकाखाली एक. वाढवायचं नाही, घटवायचं नाही, बुजवायचं तर मुळीच नाही. आणि घरी नको, दवाखान्यात. कारण घरी सल्ले फार मिळतात.

दवाखान्यात त्यासाठी वेळही होता. भूल दिल्यापासून ती चढेपर्यंत पेशंट आणि डॉक्टर दोघेही रिकामे असतात. इतकी वर्षं तो वेळ ते गप्पांत घालवत. आता सुई घेऊन बसू लागले. भूल चढेपर्यंत एक ओळ.

फक्त लांब दोरा गुंततो ही एक कटकट होती. त्यावर त्यांनी आपल्या धंद्यातला इलाज काढला. जखम शिवायला दोरा हातभर कापून घेतात, तसे त्यांनी सगळ्या गुंड्यांचे हातभर तुकडे केले आणि औजारांच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीने मांडून ठेवले. तुकडा संपला की पुढचा घ्यायचा आणि टाके घालताना मारतात ती गाठ मारायची. ती गाठ अशी असते की जखम भरेल, पण गाठ सुटणार नाही. जगात आजवर कोणी हातभर तुकडे जोडून फडकं विणलं नसेल. डॉक्टरांच्या मते, म्हणूनच लोकांच्या दोऱ्यांचा गुंता होतो.

सल्ले मात्र दवाखान्यातही पोचले. बाकावर बसलेल्या बायका दार किलकिलं करून आत बघत. एक म्हणाली, सुई बोटांनी नको, मुठीत धरा. दुसरी म्हणाली, मुठीत कधी धरू नका. एका आजोबांनी, दात काढायला म्हणून आले होते, पाय पोटाशी घेऊन बसलात तर पट्टी सरळ येते असं सांगितलं. ते स्वतः कधी विणायला बसले नव्हते, पण त्यांची आत्या तशी बसायची. सिस्टर तर बोलायच्याच नाहीत. पुढच्या पेशंटला आत सोडताना त्या फक्त म्हणायच्या, "या, ओळ संपतच आलीय."

शुक्रवारी गणिताच्या बाई खुर्चीत होत्या. अर्धा चेहरा बधिर, गालात कापूस, ओठाला चिमटा. डॉक्टर शेजारी बसून पट्टी विणत होते. बाईंची नजर त्या फडक्यावर गेली आणि एकदम तिथेच खिळली. त्यांनी हात वर करून आधी फडक्याकडे, मग ट्रेकडे बोट दाखवलं. "अं! ऊं अं ऊं!"

"हो ना?" डॉक्टर खुशीत म्हणाले. "रंग खुलून दिसतात की नाही? तुमचं गणित कोरडं, बाई. माझं बघा."

बाईंनी जोरजोरात मान हलवली. पुन्हा ट्रे दाखवला, दोन बोटं दाखवली, मग एक दाखवलं. डॉक्टरांनी चूळ भरायला पाणी दिलं. पाणी कापसामुळे बाईंच्या पदरावर आलं. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टर रंगात येऊन एकीच्या जागी पाचव्या ओळीच्या अगदी टोकाला आले होते. "एवढे चार टाके," म्हणत त्यांनी ते सावकाश, नेटके पुरे केले, सुई ठेवली, यंत्र उचललं आणि दाढेला लावलं. तेवढ्यात बाईंनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून बाकावरचे आजोबा दात तसाच घेऊन घरी निघून गेले. चढलेली भूल एव्हाना उतरून गेली होती.

डॉक्टरांनी मनापासून माफी मागितली आणि या वेळी भूल जरा सढळ हाताने दिली. संध्याकाळी बाईंनी मुद्दाम घरी फोन केला, पण जीभ अजून वळत नव्हती. फोनवरही तेच, "अं, ऊं अं."

"कोण होतं?" बायकोने विचारलं.

"गणिताच्या बाई. आभार मानत होत्या."

शनिवारी शेवटची पट्टी झाली. डॉक्टरांनी कडेने एक लाल ओळ फिरवली आणि गाठ मारली. टेलरकाकूंनी दारातूनच बघितलं आणि म्हणाल्या, "शेड मस्त बदललीय हो, डॉक्टर. हल्ली अशीच फॅशन आहे." कोणती शेड आणि कुठे बदलली, हे विचारायचं डॉक्टरांना सुचलं नाही. कौतुक चाललेलं असताना ते उलटतपासणी घेत नसत.

रविवारी जेवणाच्या वेळी टेलरकाकू आणि वकीलकाका बोलावल्याशिवाय हजर होते. डॉक्टर आतून ट्रे घेऊन आले. ट्रेवर पांढरा रुमाल झाकला होता. त्यांनी तो हळूच काढला, जणू बेशुद्ध पेशंटच्या चेहऱ्यावरून काढताहेत.

लेक दवाखान्यातलं भिंग घेऊन बसली होती. तिने फडकं उलटसुलट करून बघितलं. एकेक पट्टी, एकेक टाका, नखाने हलवून बघितला. गाठी ओढून बघितल्या. डॉक्टर खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कळलं की बाकावर वाट बघत बसणं म्हणजे काय असतं.

लेकीने भिंग खाली ठेवलं. "एकही टाका हललेला नाही," ती म्हणाली. "सगळे सारखे. बाबा, मला असं जमणार नाही."

डॉक्टरांची छाती फुगली. बायकोने फडकं घेतलं, आत जाऊन चुलीवरचं उकळतं भांडं धरलं आणि सगळ्यांसमोर टेबलावर आणून ठेवलं. हात फुंकला नाही, चुर्र झालं नाही. "चांगलं जाड आहे हो," एवढंच ती म्हणाली, पण तिच्याकडून हे म्हणजे पुष्कळ होतं.

"निकाल लागला," वकीलकाकांनी जाहीर केलं. "अक्कलदाढ मोठ्या डॉक्टरांची."

लेकीचं मात्र लक्ष दुसरीकडे होतं. तिने फडकं पुन्हा जवळ ओढलं आणि दुसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. "बाबा, ही पट्टी कोणत्या रंगाची?"

"पांढरी."

बोट पुढे सरकलं. "आणि ही?"

"अगं तीच पट्टी. पांढरीच की."

"इथून पुढे ती पिवळी आहे, बाबा. आणि खालची निळी मध्येच हिरवी झालीय. मग परत निळी."

"मला वाटलं, मुद्दाम केलंय," टेलरकाकू पुटपुटल्या.

डॉक्टर हसायला गेले, पण कोणी हसत नव्हतं. त्यांनी फडकं उचललं आणि खिडकीशी नेलं. भरदुपारचा उजेड होता. त्यांनी एका तळव्याने उजवा डोळा झाकला. बराच वेळ बघितलं. मग डावा झाकला. मग पुन्हा उजवा. पेशंटला तपासावं तसं ते स्वतःला तपासत होते, आणि तपासताना ते कधीच खोटं बोलत नसत.

"डाव्या डोळ्याने दोन रंग दिसतात, तेही या भर उजेडात," ते शेवटी म्हणाले. "उजव्याने एकच. सगळंच चहा सांडल्यासारखं. मोतीबिंदू आहे. बराच पिकलाय." मग फडक्याकडे बघत त्यांनी विचारलं, "त्या गणिताच्या बाई हेच सांगत होत्या की काय?"

लेक उठून त्यांच्याजवळ गेली. "बाबा, मी हाताला उगाच नावं ठेवली. हात नव्हता तो, ग्लास चुकवला तो डोळ्याने."

"तेच तर मी पहिल्यापासून सांगतोय."

"कायद्याने बघायचं तर," वकीलकाका घसा साफ करत म्हणाले, "अटीत टाके होते, रंग नव्हते. डॉक्टर जिंकलेले आहेत. कोणाचं काही चालणार नाही."

"मी जिंकलोय ना?" डॉक्टरांनी लेकीला विचारलं.

"जिंकलात."

"म्हणजे उद्याची दाढ माझी."

"तुमची," लेक म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण शब्द फिरवणारी ती नव्हती.

डॉक्टर खिडकीपाशी उभे होते. उद्याची दाढ हाडात आडवी रुतलेली होती आणि तिच्या मुळाजवळून एक बारीक नस जात होती. हाताला ती दाढ दोन मिनिटांची होती. पण नस कुठे संपते आणि हाड कुठे सुरू होतं ते हाताला दिसत नाही.

त्यांनी फडक्याची नीट चौकोनी घडी घातली आणि बायकोच्या हातात दिली. "माझी आहे, तर ती कोणाला द्यायची तेही मीच ठरवणार," ते लेकीला म्हणाले. "काढ तू. माझे डोळे बरे होईपर्यंत बाकीच्याही तूच काढ. आणि आता वाढा, भूक लागलीय. जिंकलेल्या माणसाला उपाशी ठेवू नये."

सोमवारी सकाळी पोस्टमास्तर खुर्चीत आडवे झाले आणि बघतात तो समोर धाकट्या डॉक्टर औजार घेऊन उभ्या. मोठे डॉक्टर बाजूला, दोन्ही हात मागे बांधून.

"हे काय, डॉक्टर?" पोस्टमास्तर घाबरून उठूनच बसले. "तुम्ही नाही काढणार? तुमचा हात थरथरतो असं म्हणतात लोक, ते खरं की काय?"

डॉक्टरांनी उजवा हात पुढे काढला, पोस्टमास्तरांच्या खांद्यावर ठेवला आणि हळूच पण पक्केपणाने दाबून त्यांना परत आडवं केलं.

"हात एकदम पक्का आहे, हिला विचारा," ते म्हणाले. "डोळे तेवढे दुरुस्तीला टाकलेत. उघडा तोंड."